सोडचिठ्ठी, घटस्फोट आणि मुलांचा ताबा : नेहमीचे काही प्रश्न

आपल्या वस्तीत नवरा-बायकोचे पटेनासे झाले की प्रथम चार वडीलधारी माणसे बसतात. समेट झाला तर उत्तमच. नाही झाला तर स्टॅम्प पेपरवर 'आजपासून आमचा संबंध संपला' असा मजकूर लिहिला जातो, साक्षीदारांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोन्हीकडची मंडळी मोकळी होतात. असा कागद दाखवून 'बायकोचे नाव कमी करा' म्हणणारे लोक बँकेच्या काउंटरवर मी अनेकदा पाहिले आहेत. हा कागद घटस्फोट नव्हे, हे सभासद बंधू-भगिनींच्या आणि विद्यार्थ्यांच्या लक्षात यावे यासाठी हा लेख.

प्रश्न १ : बौद्धांना कोणता कायदा लागू होतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झाले असेल तर तो कायदा लागू होतो. कायदामंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेलेल्या हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क होता. ते बिल रखडले; सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी दिलेल्या राजीनाम्यामागे हे एक प्रमुख कारण होते. हा हक्क आपल्याकडे कसा आला, ते विसरता कामा नये.

प्रश्न २ : नोंदणी केली म्हणजे लग्न झाले का?

लग्न विधीने लागते. नोंदणी हा त्याचा पुरावा. विधी न करता नुसती नोंदणी केली तर या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. पण पुराव्याचे महत्त्व मोठे आहे. महाराष्ट्रात नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. विहारातील दाखला व फोटो जपून ठेवा आणि नोंदणीही करा. वाद झाला की पहिला सवाल 'लग्न झाले होते का?' हाच असतो.

प्रश्न ३ : मग स्टॅम्प पेपरवरील सोडचिठ्ठीचे काय?

प्रथेने होणारा घटस्फोट कायद्याने पूर्णपणे नाकारलेला नाही. मात्र ती प्रथा जुनी व अखंड चालत आली आहे, हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते आणि ते सोपे नाही. ते सिद्ध न झाल्यास पहिले लग्न कायमच राहते. त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४९४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८२.) अशा लग्नातील मुले कायद्याने औरसच मानली जातात, पण त्या दुसऱ्या बाईची स्थिती मात्र फार केविलवाणी होते. कागद लिहून देणारे पंच त्या वेळी कोर्टात येत नाहीत.

प्रश्न ४ : दोघेही राजी असतील तर?

कलम १३-ब प्रमाणे संमतीने घटस्फोट मिळतो. अर्जापूर्वी किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर ६ महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. योग्य प्रकरणी न्यायालय हा कालावधी माफ करू शकते, असा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. निकालानंतरही अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये.

प्रश्न ५ : मुले कोणाकडे?

'मुलगा बापाचा, मुलगी आईची' अशी वाटणी कायद्यात नाही. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा अज्ञानपालकत्व कायदा सांगतो. परंतु सर्वांत वर मुलाचे हित. जाणत्या मुलाचे मतही न्यायालय विचारात घेते. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मागता येतो, आणि परिस्थिती बदलल्यास हुकूमही बदलून घेता येतो.

आमच्या बँक व्यवसायाशी संबंधित एक खटला येथे सांगण्याजोगा आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वडील हयात असूनही मुलाची काळजी घेत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. एकट्या आईला 'बापाची सही आणा' म्हणून परत पाठवले, तर तिने हा निर्णय जरूर सांगावा.

प्रश्न ६ : पोटगी आणि वकिलाचा खर्च?

पत्नी व मुलांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे कलम १२५) पोटगी मागता येते. अर्ज ती राहते त्या ठिकाणी करता येतो. घटस्फोटित स्त्रीलाही, पुनर्विवाह केला नसेल तर, हा हक्क आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. म्हणून अर्जास विलंब करू नये. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

वडीलधाऱ्यांनी समेट जरूर घडवावा. ते पुण्याचेच काम आहे. पण समेट होत नसेल तर स्टॅम्प पेपर आणण्याऐवजी त्या दोघांना विधी सेवा कार्यालयाचा रस्ता दाखवावा. विद्यार्थी मित्रांनी अर्ज लिहून देण्यास मदत करावी. चुकीच्या कागदाची किंमत बहुतेक वेळा बाई आणि मुलेच मोजतात.