बायसेप्सचं बिल

दोन महिन्यांत टी-शर्टच्या बाह्या तटतटतील अशी बॉडी? मिळते, खरंच मिळते. पण तिचं बिल उशिरा येतं आणि सगळ्यात मोठी रक्कम टीनएजर्सच्या नावावर फाटते.

कुठल्याही जिमच्या लॉकर रूमबाहेर दहा मिनिटं कान देऊन उभं राहा. 'किती खातोस?' इथून सुरू झालेली चर्चा अंडी, चिकन, व्हे प्रोटीन अशी स्टेशनं घेत घेत हळूच 'काय घेतोस?'वर येते. 'खातोस' आणि 'घेतोस' या दोन क्रियापदांच्या मधे एक अख्खा धंदा उभा आहे.

गेली चार वर्षं मी जिमला जातेय. (वजन आहे तेवढंच आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय!) एवढ्या दिवसांत इथली भाषा मात्र पाठ झाली. 'सायकल' म्हणजे दोन चाकांची नव्हे, तर काही आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स. 'स्टॅक' म्हणजे एकाच वेळी दोन-तीन औषधं. 'गायनो' म्हणजे पुरुषाच्या छातीवर बाईसारखी आलेली वाढ. आणि 'डेका', 'डी-बॉल', 'विनी' ही कार्टून कॅरेक्टर्स नाहीत. नँड्रोलोन, मिथँडिनोन आणि स्टॅनोझोलोल यांची ती लाडाची नावं आहेत.

हे बोलणारे सगळे काही बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरणारे नसतात. नुकतंच मिसरूड फुटलेली कॉलेजची पोरंही त्यात असतात. त्यातल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाशी मी बोलले. गॅदरिंगच्या आधी त्याला 'थोडी साइज' हवी होती, म्हणून त्याने इंजेक्शनं घेतली. दिली कुणी? जिममधल्या एका सीनिअरने. बाटलीत काय होतं? लेबल होतं, पण याने काही ते वाचलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलंस का, म्हटल्यावर तो माझ्याकडे बघून हसला. आणि घरी? आईला वाटतं, प्रोटीन पावडर चालू आहे!

आधी खरं बोलू या

'स्टेरॉइडने काही होत नाही, नुसती हवा भरते,' असं सांगून या मुलांना घाबरवता येत नाही. कारण ते खोटं आहे. स्टेरॉइड काम करतं. शेजारच्या बेंचवरचा मुलगा फुगताना त्यांना रोज दिसतोय. मग आपल्यासारख्यांच्या बाकीच्या उपदेशावरही ते फुली मारतात.

गोष्ट साधी आहे. पुरुषाचं पुरुषपण घडवणारं हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. १९३५ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आलं आणि पुढे त्याचे कितीतरी भाऊबंद बनले. त्यांना म्हणतात अॅनाबॉलिक स्टेरॉइड. काही आजारांत डॉक्टर ती मोजून-मापून देतातही. जिममध्ये मात्र अनेकदा त्याच्या कितीतरी पट डोस घेतला जातो, तोही एकाच्या जोडीला दुसरं असा.

आता एक गैरसमज दूर करू. दम्याच्या पंपात किंवा अॅलर्जीच्या मलमात असतं तेही 'स्टेरॉइड'च, पण ते वेगळ्या कुळातलं, कॉर्टिकोस्टेरॉइड. त्याने बायसेप्स वाढत नाहीत. तेव्हा हा लेख वाचून कृपया आजोबांचा पंप बंद करू नका! आणि हो, व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलं प्रथिन. ते स्टेरॉइड नाही. घोटाळा कधी होतो, ते पुढे सांगते.

घरचा कारखाना बंद

आपला मेंदू एसीच्या थर्मोस्टॅटसारखा काम करतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी झालं की वृषणांना ऑर्डर जाते, 'बनवा.' पुरेसं झालं की 'थांबा.' बाहेरून सुईने भरपूर माल येऊ लागला की मेंदू म्हणतो, छान, आता घरचा कारखाना बंद. वृषणं लहान होतात, शुक्राणूंची संख्या घसरते, कधीकधी शून्यावर येते. बाहेरून मर्दानगी वाढतेय आणि आतून नेमकं उलटं चाललंय!

खरी पंचाईत होते ती सायकल संपल्यावर. बाहेरचा माल थांबलेला, घरचा कारखाना अजून सुरू झालेला नाही. अंगात त्राण नाही, सेक्समध्ये रस नाही, मन उदास, आणि आरशात कमावलेली साइज रोज थोडी थोडी उतरताना दिसते. हे डिप्रेशन काही वेळा आत्महत्येच्या विचारांपर्यंत नेतं. अशा वेळी मुलाला एकच सोपा उपाय दिसतो, पुन्हा सायकल सुरू करणं. चक्रात अडकतात ते इथे. कारखाना परत सुरू व्हायला कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्ष-दीड वर्ष, आणि काहींचा तो पहिल्यासारखा चालतच नाही.

त्यात जास्तीचं टेस्टोस्टेरॉन शरीर काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या हार्मोनमध्ये बदलतं. 'गायनो' येतो तो त्यातूनच. एकदा ही गाठ पक्की झाली की औषध बंद करूनही ती जाईलच असं नाही. मग सर्जन गाठावा लागतो.

सोळाव्या वर्षी डबल फटका

मोठ्या माणसाला हे जेवढं महाग पडतं, त्याहून जास्त टीनएजरला पडतं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. उंची वाढते ती तिच्यामुळे. हार्मोनची पातळी चढली की ही पट्टी हाडात बदलून बंद होते. निसर्ग हे काम सावकाश करतो. स्टेरॉइड ते घाईने उरकून टाकतं. म्हणजे पाच फूट दहा इंच होऊ शकणारा मुलगा त्याआधीच अडकू शकतो. पट्टी एकदा बंद झाली की कुठलीही गोळी, कुठलंही लटकणं ती उघडत नाही.

गंमत म्हणजे या वयात मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन आपसूकच जोरात वाढत असतं. नीट जेवण, झोप आणि व्यायाम एवढ्यावर नवशिक्याचं अंग भरतं. म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट हे विकत घेतात आणि वर आपला स्वतःचा साठा गमावतात.

मुलींचं काय? आवाज घोगरा होणं, चेहऱ्यावर केस, पाळी अनियमित. यातला घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावरही बहुधा पूर्ववत होत नाही.

आरशात न दिसणारं

पिंपल्स दिसतात, गळणारे केस दिसतात, चिडचिड घरच्यांना दिसते. हृदय दिसत नाही. स्टेरॉइडमुळे चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, वाईट वाढतं, रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं आणि हृदयाची भिंत जाड होते. बायसेप्सही स्नायू आणि हृदयही स्नायूच. पण हृदय जाड झालं म्हणून कुणी त्याचा फोटो टाकत नाही.

२०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १४० अनुभवी वेटलिफ्टर्स तपासले होते. त्यातल्या ८६ जणांनी किमान दोन वर्षं स्टेरॉइड घेतलेलं होतं, ५४ जणांनी नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर फेकलं जातं, हे मोजलं. न घेणाऱ्यांमध्ये ते सरासरी ६३ टक्के होतं, घेणाऱ्यांमध्ये ५२. घेणाऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थरही जास्त सापडले. डेन्मार्कमध्ये जिममधल्या डोपिंग तपासणीत पकडल्या गेलेल्या १,१८९ पुरुषांचा सरासरी अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. २०२४ साली आलेला निष्कर्ष असा, की त्यांच्या वयाच्या इतर पुरुषांपेक्षा त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे २.८ पट होतं.

गोळ्यांच्या रूपातली बरीच स्टेरॉइडं लिव्हरला त्रास देतात. कावीळ होते, क्वचित ट्यूमरही. 'मग इंजेक्शन सेफ,' असं जिममधलं लॉजिक आहे. सुई शेअर केली की हेपेटायटिस आणि एचआयव्हीची भीती, स्वच्छता नसेल तर पू झालेलं गळू. सेफ म्हणे!

या यादीत अलीकडे एक नवा पाहुणा आलाय. गेल्या काही वर्षांत पुणे-पिंपरी भागात पोलिसांनी मेफेंटरमाइन नावाच्या इंजेक्शनचे साठे पकडले. हे स्टेरॉइड नव्हेच. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला ते वापरतात. जिममध्ये ते 'पॉवर' म्हणून टोचतात. म्हणजे धडधाकट मुलाचा रक्तदाब मुद्दाम चढवायचा आणि त्याच अवस्थेत वजन उचलायचं!

मैदानावरचा हिशेब

खेळाच्या जगात याची सुरुवात जुनी आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि तीन दिवसांत सुवर्णपदक परत गेलं. कारण, स्टॅनोझोलोल. त्याहून भयानक गोष्ट पूर्व जर्मनीची. तिथे सत्तरच्या दशकापासून सरकारच आपल्या खेळाडूंना, त्यात शाळकरी मुलीही आल्या, 'व्हिटॅमिन' म्हणून निळ्या गोळ्या देत होतं. हायडी क्रीगर १९८६ साली गोळाफेकीत युरोपियन चॅम्पियन झाली. पुढे लिंगबदल करून ती आंद्रेआस क्रीगर झाली. मी कोण व्हायचं हे ठरवायची संधीच माझ्याकडून हिरावून घेतली, हे आंद्रेआसचं दुःख. २००० साली बर्लिनच्या कोर्टाने या कारभारातल्या बड्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

आपल्याकडे? २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आणि ग्वांगझू एशियाडमध्ये आपल्या मुलींनी ४ बाय ४०० मीटर रिले जिंकली, तेव्हा सगळा देश नाचला. २०११च्या उन्हाळ्यात त्या संघातल्या मुली अॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या सप्लिमेंटमध्ये ते असावं, असा त्यांचा बचाव होता. तरी बंदी टळली नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ साली रिओला पोचला, पण कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. कुणीतरी आपल्या खाण्यात मिथँडिनोन मिसळलं, असं तो सांगत होता. लवादाला ते पटलं नाही. डोपिंगचा नियम कडक आहे. तुमच्या शरीरात जे सापडेल, त्याला जबाबदार तुम्ही.

आणि सप्लिमेंटचा घोटाळा हा असा. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने २००० आणि २००१ साली १३ देशांतून आणलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. त्यातल्या ९४ डब्यांमध्ये लेबलवर नसलेली हार्मोनसदृश द्रव्यं निघाली. म्हणजे साधारण सातात एक.

सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत डोपिंग तपासणारे अधिकारी आल्याची बातमी पसरली. १०० मीटरच्या फायनलला ट्रॅकवर एकच धावपटू उभा राहिला! स्टेडियमच्या टॉयलेटमध्ये वापरलेल्या सिरिंज पडल्याचा व्हिडिओही फिरला. त्याच २०२३ या वर्षाच्या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या अहवालात, भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये सदोष नमुन्यांचं प्रमाण भारताचं सर्वाधिक होतं. ५,६०६ नमुन्यांपैकी २१३, म्हणजे ३.८ टक्के.

पण खेळाडूला निदान कुणीतरी तपासतं. हौशी मुलाला कोण तपासणार? ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा कायदा आहे. पण जिममधला सीनिअर कुठे चिठ्ठी मागतो!

तुमच्या घरात, तुमच्या जिममध्ये

तुम्ही ऑफिसला जाता, कमावता. कदाचित धाकट्या भावाची जिमची फी तुम्हीच भरता. तेव्हा एवढं बघा:

• दोन-तीन महिन्यांत अंग अचानक भरलं, पाठीवर-खांद्यावर पिंपल्स आले, मूड क्षणात चढतो-उतरतो, पैसे कमी पडू लागले, तर शांतपणे विचारा. ओरडलात तर पुढचं इंजेक्शन लपवून घेतलं जाईल.

• नवशिक्याने महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू कमावले तरी प्रगती झकास आहे. याच्या कितीतरी पट वायदा करणारा ट्रेनर गणितात कच्चा नाही, तो काहीतरी विकतोय.

• सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर बिल देणाऱ्या दुकानातून, सीलबंद डबा. लेबल नसलेली पुडी नको.

• आधीच घेतलं असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. रक्ताच्या तपासण्या, लिव्हर, लिपिड, हार्मोन्स आणि गरज पडली तर २-डी एको. औषध सोडतानाही त्यांच्याच सल्ल्याने सोडा. सोडल्यावर मन फारच उदास झालं तर तेही त्यांना लगेच सांगा.

आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. कुठलं, किती, किती दिवस, हे सगळं सांगा. बाटली उरली असेल तर सोबत न्या. ते कदाचित चार शब्द सुनावतील, पण तपासणीचा कागदही तेच लिहून देतील. जिममधला सीनिअर तो कधीच देणार नाही.