उधारीची वही आणि संगणकाची तालीम

आम्हा कापड व्यापाऱ्यांचा बराचसा व्यवहार उधारीवर चालतो. कुणाला माल द्यावा आणि कुणापुढे हात जोडावेत, हे बीडच्या बाजारात शागीर्द उस्तादाजवळ बसून शिकतो. संगणकालाही असेच उदाहरणांवरून शिकवता येते. या पद्धतीला 'न्यूरल नेटवर्क', म्हणजे मज्जापेशींचे जाळे म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण हिशेब बेरजेचा आहे.

या जाळ्याची एक पेशी अमेरिकेच्या फ्रँक रोझेनब्लाट यांनी 1958 साली 'परसेप्ट्रॉन' या नावाने मांडली. तिचे काम समजून घेऊ. ग्राहकाविषयी दोन प्रश्न घ्या: मागची बाकी वेळेवर फेडली का? ओळखीचा जामीन आहे का? प्रत्येक 'होय'ला काही आणे वजन द्यायचे. बेरीज 16 आणे किंवा जास्त झाली तर उधारी द्यावी, नाहीतर नाही. सुरुवातीला दोन्ही वजने शून्य.

आता जुनी वही उघडा. पहिल्या ग्राहकाची दोन्ही उत्तरे 'होय' आणि त्याने पैसे फेडले. बेरीज शून्य, म्हणून यंत्र 'नाही' म्हणाले. चुकले. दोन्ही वजनांत 8 आणे वाढवा. दुसऱ्याकडे फक्त जामीन होता आणि त्याने पैसे बुडवले. बेरीज 8, उत्तर 'नाही'. बरोबर. काही बदलू नका. तिसऱ्याकडे जामीन नव्हता, पण मागची बाकी चोख होती आणि त्याने पैसे फेडले. बेरीज 8, उत्तर 'नाही'. चुकले. पहिले वजन 16 करा. पुन्हा तपासा: 24, 8 आणि 16. तिन्ही उत्तरे बरोबर! उलट चूक झाली, तर वजन घटवायचे. तालीम म्हणतात ती एवढीच.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा 1995 साली आली. वजनांची यादी, बेरजेचे एक सूत्र, 'जर-तर'ची एक ओळ आणि सर्व नोंदी फिरून पाहणारे एक आवर्तन, एवढे साध्या नोटपॅडमध्ये लिहून वेब पान म्हणून साठवले की पेशी तयार होते. इंटरनेटही लागत नाही. गुंतागुंतीच्या प्रश्नाला एक पेशी पुरत नाही. तेव्हा पेशींचे थर रचावे लागतात. त्यासाठी टेन्सरफ्लो.जेएस आणि ब्रेन.जेएस ही तयार साधने मोफत मिळतात.

हा केवळ खेळ नव्हे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने अशाच जाळ्यांवर कापूस उत्पादकांसाठी साधन बनवले. सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो मोबाइलने काढला की ते पतंग मोजते आणि फवारणीचा सल्ला देते. बीडसारख्या कापसाच्या जिल्ह्याला याचे मोल सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. यंत्र वहीत असेल तेवढेच शिकते. प्रश्नांत 'वस्ती' घातली आणि एखाद्या वस्तीला आपण कधी उधारी दिलीच नसेल, तर तिथल्या परतफेडीची नोंद नसल्याने तिचे वजन शून्यच राहील. बाकीच्या वस्त्यांना आणे मिळतील. तिथला प्रामाणिक कारागीर दारातूनच परत जाईल, आणि दोष कुणाचा हे कुणाला कळणारही नाही. पत्ता पाहून मिळालेला नकार काय असतो, हे आपल्या बांधवांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्न व्यवहाराचे विचारावेत, माणसाच्या नावागावाचे नव्हे.

शाळेत जाणारी मुले हे आठवड्याभरात शिकतील. त्यांच्याजवळ बसून वही आपण वाचावी, कारण कोणता प्रश्न विचारायचा हे दुकानदारालाच कळते.