मनातला राखणदार

२०२० साली मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे सारा देश बंद झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात साथीची दुसरी लाट आली. ती खेडोपाडी शिरली. दवाखान्यात खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. पुष्कळांना आपल्या माणसाचे शेवटचे तोंडही पाहता आले नाही.

पुढे साथ ओसरली. पण काहींच्या मनातून ती अजून गेली नाही. कोणी रात्री दचकून उठतो. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की कोणाच्या छातीत धडधडते. कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. कोणी उगाच बायकामुलांवर खेकसतो. मग लोक म्हणतात, ‘याला बाहेरची बाधा झाली.’

आम्ही सांगतो, ही बाधा नव्हे आणि वेडही नव्हे. मग हे काय आहे?

शेतात रानडुकरे शिरली तर राखणदार आरोळी ठोकतो, त्यांना हाकलतो. पण त्यानंतर साधे पान हलले तरी तो ताडकन उठतो. आपल्या मनातही असाच एक राखणदार आहे. संकट आले की तो छाती जोराने चालवतो, अंग ताठ करतो. पळायला किंवा झुंजायला बळ यावे, म्हणून तो हे करतो. संकट टळले, तरी त्याला ते लवकर पटत नाही. भोंगा वाजला की त्याला वाटते, पुन्हा तीच वेळ आली.

कोणाला दुसरेच दुःख खाते. ‘रोग मीच घरात आणला. बापाला खांदासुद्धा दिला नाही.’ बाबांनो, हा रोग श्वासावाटे पसरतो. अंगात ताप दिसण्याआधीच तो एकाचा दुसऱ्याला होतो. मग कोणी कोणाला दिला, हे कोण सांगणार? आणि खांदा दिला नाही, तो मनाई होती म्हणून. त्यात तुमचा काय दोष?

मग करावे काय? विश्वासाच्या माणसापाशी मन मोकळे करा. ऐकणाऱ्याने ‘झालं गेलं विसर’ असे म्हणू नये. नुसते ऐकावे. तेव्हा भावकी जमली नसेल, तर आता जमवा. गेलेल्या माणसाच्या आठवणी काढा. रडू आले तर रडा. दारूच्या नादी मात्र लागू नका. दारूची झोप कच्ची असते. नशा उतरते, भीती तशीच राहते.

पुष्कळांची भीती काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पण महिना उलटला, झोप नाही, कामात लक्ष नाही, असे असेल तर डॉक्टरकडे जा. हाड मोडले तर आपण लाजत नाही. मग इथे लाज कसली? यावर उपचार आहेत आणि गुण येतो.

१४४१६ या नंबरावर फोन करा. सरकारची ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही मराठीत बोलता येते. पैसे पडत नाहीत.

‘आता जगणं नको’ असे कोणी म्हणाले, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि लगेच फोन लावा. वेळेवर धरलेल्या हाताने माणूस वाचतो.