पदवीच्या पहिल्या वर्षाची विषयनोंदणी

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत एक ठरावीक गर्दी सुरू होते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, तर कोणाला प्रमुख धर्मगुरूंचे पत्र. अर्जाची अंतिम तारीख बहुधा त्याच दिवसाची असते. आम्ही सहज विचारतो, ‘मुख्य विषय कोणता घेतलास?’ अनेकदा उत्तर मिळते, ‘फादर, ते सायबरवाल्यानेच भरले.’ या उत्तरानेच हा लेख लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त केले.

पूर्वी कला, वाणिज्य की विज्ञान एवढे ठरले की पहिल्या वर्षाचा मोठा प्रश्न सुटत असे. कला शाखेत तर खरे विशेषीकरण तृतीय वर्षाला होई आणि तोवर विद्यार्थ्याला विचार करण्यास अवधी मिळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार महाराष्ट्रात नवी श्रेयांक पद्धत आली. ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता पहिल्याच सत्रात मुख्य विषयाखेरीज मुक्त निवडीचा विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि एन.एस.एस., एन.सी.सी., क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम यांची नोंदणी करावी लागते. घरातील थोरल्या भावंडांचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. त्यांनी शिकलेली रचनाच बदललेली आहे.

एका सत्रात किमान २० आणि कमाल २२ श्रेयांक घ्यावयाचे असतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिक असल्यास ३० तास. २२ श्रेयांक घेणाऱ्याला केवळ व्याख्यानांचेच ३३० तास होतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला सुमारे २२ तास. विज्ञान शाखेत ही बेरीज आणखी वाढते. वसईहून चर्चगेटला जाणाऱ्या मुलामुलींचा एका बाजूच्या प्रवासातच तासाहून अधिक वेळ जातो. विषय निवडताना त्यांनी वेळापत्रकाची चौकशी अवश्य करावी. सकाळी सातच्या तासिकेला बसणारा विद्यार्थी सायंकाळच्या सहअभ्यासक्रमासाठी थांबू शकेल काय, हा प्रश्न क्षुल्लक नाही; ७५ टक्के उपस्थितीची अट सर्वांनाच आहे.

सर्वांत जपून भरावयाचा रकाना मुख्य विषयाचा. आमच्या परिचयाच्या एका मुलीला मानसशास्त्र शिकावयाचे होते. माहितीपत्रकात तो विषय दिसला आणि तिने आनंदाने प्रवेश घेतला. त्या महाविद्यालयात मानसशास्त्र केवळ मायनर म्हणून शिकविले जात होते. मुख्य विषय म्हणून ते घेण्याची सोयच नव्हती. हे कळले तेव्हा इतर महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या संपल्या होत्या. यात तिचा दोष फारसा नव्हता, परंतु वर्ष तिचे गेले. म्हणून माहितीपत्रकात विषयाचे नाव दिसले एवढ्यावर न थांबता, ‘हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून येथे आहे काय?’ असे कार्यालयात स्पष्ट विचारावे.

दुसरा प्रश्न असा, की मुख्य विषय केव्हा ठरतो? काही ठिकाणी तो प्रवेशाच्या वेळीच ठरतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच महत्त्वाने शिकवून दुसऱ्या वर्षाच्या आरंभी त्यांतून एक मुख्य व एक मायनर निवडावा लागतो. ही दुसरी पद्धत आम्हांला अधिक दयाळू वाटते, कारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपली आवड ओळखण्यास एक वर्ष मिळते. मात्र त्या तीन विषयांच्या बाहेरचा विषय नंतर घेता येईल, असे गृहीत धरू नये. मुक्त निवडीचा विषय साधारणतः आपल्या शाखेबाहेरचा असावा अशी अपेक्षा असते. मैत्रिणीने घेतला म्हणून तो घेणे ही त्या संधीची उधळपट्टी आहे.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांबाबत गोंधळ मोठा आहे. बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए. या नावांच्या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी सुरू झाली. निकालानंतर जागे होणाऱ्यास तो मार्ग बंद झालेला असू शकतो. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी बी.कॉम. व्यवस्थापन अभ्यास अशा नावाने जवळपास तसाच अभ्यासक्रम सुरू केला. आपण भरत आहोत तो अर्ज नेमक्या कोणत्या पदवीचा, हे नाव अक्षर अन् अक्षर वाचून पाहावे.

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी प्रथम विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करावी लागते. केवळ त्या नोंदणीने प्रवेश मिळत नाही. तिचा क्रमांक घेऊन प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज निराळा भरावा लागतो. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत आपल्या समाजासाठी जागा राखीव असतात. तेथे त्या कोट्याचा रकाना भरावयाचा राहिल्यास विद्यार्थी सर्वसाधारण यादीत जातो.

एक बाब खास आपल्या समाजाची. श्रेयांक आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या शासकीय व्यवस्थेत जमा होतात आणि त्यासाठी आधारशी जोडलेला बारा अंकी अपार क्रमांक लागतो. डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत कधी स्वल्पचिन्हासह, कधी त्याविना, तर कधी मध्ये जागा सोडून लिहिली जातात. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आजोबांच्या काळचे तिसरेच स्पेलिंग असते. माणसाच्या दृष्टीने तो एकच मुलगा असतो, संगणकाच्या दृष्टीने तिघे. आधारवरील दुरुस्तीला वेळ लागतो, गुणपत्रिकेवरील दुरुस्तीला त्याहूनही अधिक. ही तीन कागदपत्रे पालकांनी बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीतच शेजारी ठेवून पाहावीत. नोंदवहीतील उतारा लागल्यास तो एप्रिलमध्ये मागावा. त्या महिन्यात कार्यालयात रांग नसते आणि जुनी वही शोधण्यास आम्हांलाही सवड असते.