शुवैखचा नातू, अश्दोदचा नातू आणि मुंबईचा पाऊस



नातवाला घेऊन मुंबईला कधी जावं असं कोणी विचारलं की सगळे एकच सांगतात, डिसेंबरात जा, हवा चांगली असते. आम्ही गेलो ते २०१९च्या जुलैमध्ये, भर पावसात. मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू आणि मी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढलं. त्याच महिन्याच्या २ तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस पडल्याचं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा सुनेचंही तोंड उतरलं. पण मला जुलैमध्येच जायचं होतं, कारण माझी मैत्रीण कुवेतहून जुलैमध्येच येते. तिथल्या भारतीय शाळांना जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत सुट्टी असते, आणि ती नातवाला घेऊन माहेरी येते.

आता ही मैत्रीण कोण ते सांगायला हवं. भायखळ्याला आमच्या चाळीत एकाच गॅलरीत आमचं बिऱ्हाड आणि तिचं बिऱ्हाड. शनिवारी आमची चूल पेटायची नाही, म्हणून तिची आई आपल्या चुलीवर आमचं भांडं ठेवायची. १९७१ साली आम्ही इस्राएलला आलो. १९७६ साली ती लग्न होऊन कुवेतला गेली. तिचे यजमान शुवैखच्या बंदरात नोकरीला होते. आज तिचा मुलगा तिथेच एका गोदामात हिशेब बघतो.

शुवैख हे नाव बालवाचकांनी ऐकलं नसेल. कुवेत शहराला लागून पश्चिमेकडे हे बंदर आहे, १९६० साली सुरू झालेलं. मागे गोदामं, मोटारींची गॅरेजं, स्पेअरपार्टची दुकानं. आमच्या अश्दोदचं बंदर १९६५ सालचं, म्हणजे शुवैखहून पाचच वर्षांनी लहान. दोन्ही बंदरांत क्रेन सारख्याच आणि घामही सारखाच, असं मी तिला एकदा लिहिलं होतं.

पण लिहिणंसुद्धा सरळ नव्हतं. इस्राएलचा पासपोर्ट असलेल्याला कुवेत आत घेत नाही. तिचा पासपोर्ट भारताचा, तेव्हा ती आमच्याकडे येऊ शकली असती. पण नवऱ्याची, पुढे मुलाची नोकरी तिकडची, कोण घेईल ती जोखीम? टपालही एकमेकांकडे जायचं नाही. मग मी पत्र भायखळ्याला तिच्या बहिणीकडे पाठवायची. बहीण ते नव्या पाकिटात घालून कुवेतला पाठवायची. उत्तर यायचं तेही त्याच वाटेनं. बारशाची बातमी पोहोचेपर्यंत पोर रांगायला लागलेलं असे.

१९९० सालचं सांगते. २ ऑगस्टला सद्दामची फौज कुवेतमध्ये शिरली. मी इकडे रोज रेडिओला कान लावून. तिचं काय झालं, काही कळेना. नंतर कळलं ते असं, की ती, यजमान आणि मुलगा एक बॅग घेऊन बसनं निघाले ते बसरा, बगदाद करत अम्मानला पोहोचले. तिथून एअर इंडियाची विमानं लोकांना मुंबईला आणत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ४८८ फेऱ्या झाल्या आणि १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीय सुटून आले. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. यरुशलेमपासून अम्मान सरळ रेषेत जेमतेम ७० किलोमीटर. ती तिथे भुकेल्या पोराला मांडीवर घेऊन विमानाची वाट पाहत होती, मी इथे तिच्यासाठी रेडिओ ऐकत होते. जॉर्डनशी तेव्हा आपला करार झालेला नव्हता, तो १९९४चा. जानेवारीत सद्दामनं आमच्यावर क्षेपणास्त्रं सोडली. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, गॅसमास्क घालून बसलो, तेव्हा ती भायखळ्याला माझ्या नावानं देवापुढे दिवा लावत होती.

असो. तर अशा आम्ही दोघी. १९७१नंतर दोनदा भेटलो होतो, दोन्ही वेळा मुंबईत. ही तिसरी भेट, आणि या खेपेला दोघींच्या बरोबर एकेक नातू.

आम्ही ठाण्याला भावाकडे उतरलो. दुसऱ्याच दिवशी लोकलनं भायखळा. चाळीच्या जिन्यात ती उभी होती. आम्ही दोघी रडलो. त्याचं वर्णन करत नाही. तिचा नातू सहा वर्षांचा, गोल चष्मा, एकदम शहाणा. माझा हिब्रूत बोलणारा. मराठी एवढंच की ये, बस, पाणी, झोप, आणि रागावल्यावर मी म्हणते ते शब्द. तिच्या नातवाला मराठी येतं, पण इंग्रजीत घोळलेलं. दोघं एकमेकांकडे पाच मिनिटं बघत राहिले. तेवढ्यात पाऊस कोसळला.

वाचकहो, तुम्हांला ठाऊकच आहे, इस्राएलमध्ये उन्हाळ्यात थेंब पडत नाही. आमच्या पोरानं पाऊस पाहिलेला तो थंडीतला, स्वेटर घालून खिडकीतून पाहायचा. उकाड्यात पाऊस, तोही असा धो धो, हे त्याच्या समजुतीबाहेरचं. आणि शुवैखच्या पोराची तर गोष्टच निराळी. कुवेतमध्ये २०१६च्या जुलैमध्ये मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जून ते ऑगस्ट दुपारी अकरा ते चार उघड्यावर कामगारांना काम करायला लावण्याची तिथे कायद्यानं बंदी आहे. मुलं एसीच्या घरातून एसीच्या मोटारीत, तिथून एसीच्या मॉलमध्ये. नदी नाही. पूर्वी पिण्याचं पाणी शत्त-अल-अरबहून होड्यांत भरून आणत. १९५३ साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना निघाला, तेव्हापासून समुद्रच पितात.

त्या पोरानं गॅलरीतून हात बाहेर काढला, ओंजळ भरली आणि आजीला विचारलं, “हे पाणी कोण पाठवतं? बिल येतं का?”

हसू नका. आमचं अश्दोदसुद्धा २०१५पासून समुद्राचं पाणी गोडं करतंच आहे. दोघंही नातू समुद्र पिऊनच वाढलेले. अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं, तसे दोघं उतरले आणि भाषेचा प्रश्न मिटला. सून वरून ओरडतेय, मैत्रिणीची बहीण ओरडतेय, आणि दोघी आज्या गॅलरीत कठड्याला टेकून गप्प.

त्यात माझ्या नातवाचा गुडघा खरचटलेला होता. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण नातवंडं घेऊन जातात. मुंबईत साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं आणि जखमेतून लेप्टोचा आजार होऊ शकतो. अशा पाण्यात जखमेसह उतरलात तर ताप यायची वाट बघू नका, बहात्तर तासांच्या आत डॉक्टरकडे जा, ते गोळी देतात. आम्हांला हे माहीत नव्हतं. दोन रात्री मी त्याच्या उशाशी बसून होते. मुलगा माझ्याशी बोलेना. “पावसात यायचं तुझंच खूळ,” एवढंच एकदा म्हणाला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, साधा ताप निघाला. पण त्या दोन रात्रींत मी माझ्या हट्टाला पुष्कळ दूषणं दिली. मैत्रीण दोन्ही दिवस भायखळ्याहून ठाण्याला आली, मऊ भात घेऊन.

बरं वाटल्यावर राणीचा बाग. (बुधवारी बंद असतो, लक्षात ठेवा.) आम्ही लहानपणी तिथे हत्ती पाहायचो, आता पेंग्विन आहेत, २०१७पासून लोकांना पाहायला मिळतात. काचेमागे गारेगार ठेवलेले. माझा नातू विचारतो, एवढ्या गरम गावात हे कसे राहतात? शुवैखवाला चष्मा वर करून म्हणाला, “आमच्यासारखेच. उन्हाळ्यात बाहेर जात नाहीत.” त्याचं हिब्रूत भाषांतर मी केलं, तेव्हा आमचा खो खो हसला.

येताना दुमजली बस. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी. त्याच महिन्यात बेस्टनं तिकीट उतरवून पाच रुपये केलं होतं. २०२५मध्ये ते दहा झालं, आणि त्या जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या. आता विजेवरच्या एसी बस आहेत. रस्त्यात कणीस भाजून मिळत होतं, लिंबू-मीठ लावून. ते चालतं. कापलेली फळं आणि बर्फाचा गोळा मात्र पावसाळ्यात पोरांना देऊ नये. बोट नाही मिळाली. गेटवेहून मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे नवगाव दाखवायचं राहून गेलं.

बसमध्ये मैत्रीण म्हणाली, पाऊस बघायला मुंबईत येणारे आपण पहिले नव्हेत. आखातातली अरब कुटुंबं वर्षानुवर्षं पावसाळ्यात कुलाब्याच्या हॉटेलांत येऊन राहायची. त्यांच्या आजोबांची गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला येत आणि मलबारचं सागवान घेऊन परतत. कुवेतमध्ये १९६१पर्यंत हिंदुस्थानी रुपयाच चालायचा, दिनार नंतरचा. मलाही एक आठवलं: रेडिओवर ज्यांची अरबी गाणी आपण ऐकली ते साले आणि दाऊद अल-कुवेती हे यहुदी भाऊ कुवेतमध्येच जन्मलेले. त्यांची पहिली वाद्यं घरातल्या एका व्यापारी नातलगानं हिंदुस्थानातून नेली होती म्हणतात. १९५१ साली ते इस्राएलला आले.

निघायच्या दिवशी पोरांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. पुढच्या सुट्टीत शुवैखवाला अश्दोदला येणार, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत आमचा तिकडे. माझा नातू मला म्हणाला, “सावता, विमानाचं तिकीट काढ.” मी म्हटलं, तिकडे आपल्याला जाता येत नाही. का? त्याच्याशी भांडलो का आपण? मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती पोरांच्या रेनकोटच्या गुंड्या लावत होती, म्हणजे लावलेल्याच परत लावत होती. उत्तर कोणीच दिलं नाही. सुनेनं दोघांना एकेक चॉकलेट दिलं.

त्यानंतर २०२० साली करोना आला, पुढे इकडची युद्धं. चौथी भेट अजून झालेली नाही. माझा नातू आता बार मित्झवाच्या वयाला टेकलाय. फोनवर आम्ही बोलतो, तीही पाऊस सुरू झाला की माहेरच्या गॅलरीतून फोन बाहेर धरते आणि आवाज ऐकवते. मध्यंतरी नातवानं पेंग्विनचं चित्र काढलं; एकाला चष्मा, एकाच्या गुडघ्याला पट्टी. फोटो काढून पाठव म्हटलं तर म्हणाला, नाही, कागदच पाठवायचा. मग पाकीट आणलं, आणि त्यावर मी पत्ता घातला तो भायखळ्याचा.