नवोदयचा अर्ज भरतो कोण?

हुशार मुलांसाठी सरकारी शाळांत काय सोय आहे, असे विचारले तर आपले बहुतेक कार्यकर्ते दोन नावे सांगतात : स्कॉलरशिप आणि नवोदय. एनएमएमएस हे तिसरे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. या तिन्ही योजना हुशार मूल शोधायला वस्तीवर येत नाहीत. आधी कुणीतरी अर्ज भरायचा, मग परीक्षा, मग निवड. ज्याचा अर्जच गेला नाही ते मूल हुशार होते की नव्हते, याची नोंद कुठेच होत नाही.

नवोदयपासून सुरुवात करू, कारण मुलाचे आयुष्य बदलण्याची ताकद तिच्यात सर्वात जास्त आहे. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी १९८५-८६ मध्ये दोन निवासी शाळा सुरू झाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज तमिळनाडू सोडले तर देशाच्या बहुतेक जिल्ह्यांत नवोदय आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव असतात.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण, आणि मराठीतून देता येते. यातले ५० गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे आहेत. म्हणजे निम्म्या गुणांचा पाठ्यपुस्तकाशी संबंध नाही. पण अशा आकृत्या ज्याने कधी पाहिल्याच नाहीत, ते मूल त्या दिवशी बावरते. तालुक्याच्या गावातले क्लासवाले नेमके हेच विकतात. खरे तर जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन कॉलेजातला कोणताही तरुण हे शिकवू शकतो.

ही संधी पाचवीत असताना एकदाच मिळते. नववी आणि अकरावीला रिकाम्या जागांवर प्रवेश होतो, पण त्या जागा मोजक्याच असतात.

आपल्या घरांत अडते ते कागदावर. नवोदय केंद्राची, त्यामुळे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत आणि ‘बौद्ध’ ही जात नाही. म्हणून त्या प्रमाणपत्रावर धर्म बौद्ध आणि मूळची अनुसूचित जात, दोन्ही नमूद असावे लागते. जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ लिहिण्यामागची भावना आम्हाला मान्य आहे, ती आमचीही आहे. मात्र वडील-आजोबांचे जुने दाखले शोधून हे प्रमाणपत्र काढायला वेळ जातो. निकाल लागल्यावर तहसीलच्या फेऱ्या मारण्यापेक्षा मूल चौथीत असतानाच हे काम उरकावे.

एनएमएमएस आठवीत. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते, आणि जिंकलेली शिष्यवृत्तीही मुले इथेच गमावतात. राज्य परीक्षा परिषदेच्या स्कॉलरशिपबद्दल एवढेच लक्षात ठेवा की ती अनेक वर्षे पाचवी-आठवीला होती आणि आता पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे. आपल्या मुलाचा वर्ग कोणता, ते शाळेत विचारून घ्यावे.

अर्जावर सोडले तर काय होते, हे अमेरिकेत मोजून पाहिले गेले आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत ‘प्रतिभावान’ मुलांच्या वर्गासाठी नावे शिक्षक आणि पालक सुचवत. गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांची मुले त्यात फार थोडी येत. २००५ च्या सुमारास तिथे दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घेणे सुरू झाले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा वंचित घरांतून निवडल्या जाणाऱ्या मुलांचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मुले तीच होती, आधी त्यांना कुणी विचारले नव्हते. पुढे पैसे नाहीत म्हणून सरसकट चाचणी थांबली आणि प्रमाण पुन्हा घसरले.

आपल्याकडे जिल्हा परिषदेने पाचवीतल्या प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेतूनच भरावा, ही मागणी करायला हवी. नवोदयच्या अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे पैशांची सबब चालणार नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांना केळुस्कर गुरुजींनी स्वतःहून विचारले होते, पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. तशी नजर असलेले शिक्षक आजही आहेत, पण प्रत्येक वस्तीला ते मिळतीलच असे नाही.

मागणी मान्य होईपर्यंत विहारात एक वही ठेवता येईल : चौथी, पाचवी आणि आठवीतली मुले, शाळेचे नाव, प्रमाणपत्र आहे की नाही. अर्ज मोबाइलवर भरता येतो. त्यासोबत मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद जोडावा लागतो, तेव्हा शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना गाठावे.