एकाच किनाऱ्याचे दोन आकडे

पुण्याच्या वृत्तपत्रांत गणेश पेठेतील मासळी बाजाराचा जो आढावा छापून येतो, त्यात खोल समुद्रातील, खाडीतील आणि नदीतील मासळीची, तसेच आंध्र प्रदेशातून येणाऱ्या रोहू, कटला व सीलनची आवक टनांत दिलेली असते आणि खाली पापलेट, सुरमई, बोंबील यांचे भाव असतात. गिऱ्हाइकाला एवढी माहिती पुरते. मात्र समुद्रात मासा किती उरला आहे, हे या आढाव्यावरून कळत नाही. कारण भाव चढला तो मासा घटल्यामुळे, मागणी वाढल्यामुळे की वादळात नौका बंदरातच नांगरून राहिल्यामुळे, याचा उलगडा आवकेच्या आकड्यातून होत नाही. उभे पीक शेतात जाऊन पाहता येते. समुद्रातील मासा बहुतांशी पकडला गेल्यावरच मोजणीत येतो, आणि पकडलेल्या माशांवरून न पकडलेल्यांविषयी अनुमान काढणे हेच मत्स्यव्यवस्थापनशास्त्राचे मुख्य काम आहे.

हे काम किती नाजूक आहे, हे २०१९ च्या आकड्यांवरून दिसते. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरल्याचा अंदाज दिला. आदल्या वर्षी तो २.९५ लाख टन होता, आणि २०१९ चा आकडा पंचेचाळीस वर्षांतील नीचांक असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमाराच्या आर्थिक वर्षांसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे मात्र चार लाख टनांच्या वर होते. संस्था जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरते, तर विभाग एप्रिल ते मार्च असे. दोघांच्या यंत्रणा आणि पद्धतीही वेगळ्या आहेत. तरीही एवढी तफावत केवळ महिन्यांच्या फरकाने भरून निघत नाही. एकाच किनाऱ्याविषयी दोन सरकारी उत्तरे उपलब्ध असली, की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे उत्तर उचलतो, आणि मच्छीमाराचा मग दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मासळीची मोजणी शास्त्रीय पायावर आणण्याच्या प्रयत्नांत पुण्याचा धागा आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव पुणेकरांना पोषणशास्त्रातील वादांमुळे अधिक परिचित असले, तरी त्यांचा मूळ पिंड संख्याशास्त्रज्ञाचा होता. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीककापणीच्या नमुना सर्वेक्षणांची पद्धत बसवली. नमुना सर्वेक्षण म्हणजे सर्व शेते न मोजता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडणाऱ्याच्या मर्जीला वाव न ठेवता काही शेते निवडायची आणि त्यांवरून संपूर्ण जिल्ह्याचा अंदाज, त्यातील संभाव्य चुकीच्या मापासह, मांडायचा. हीच दृष्टी समुद्रकिनाऱ्याला लावणारा, सुखात्मे, वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा भारतातील सागरी मासळीच्या अंदाजाविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुखात्मे तेव्हा रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पुढे ते पुण्यात परतले आणि १९९७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. पीककापणीत मोजणीचा वाफा फार लहान ठेवला तर कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, असा त्यांचा आग्रही युक्तिवाद होता. मोजणाऱ्याची नकळत होणारी चूक हा धक्क्यावरही तितकाच खरा धोका आहे, कारण तेथे समोर वाफा नसून घाईघाईने लिलावाकडे निघालेल्या टोपल्या असतात.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेची प्रचलित पद्धत अनेक पायऱ्यांच्या यादृच्छिक निवडीवर आधारलेली आहे. किनाऱ्याचे विभाग पाडले जातात, प्रत्येक विभागातील काही बंदरे आणि महिन्यातील काही दिवस निवडले जातात, आणि निवडलेल्या बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सायंकाळी सहा व दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळांत निरीक्षक प्रत्यक्ष उभा राहतो. मधल्या रात्रीची माहिती सकाळी चौकशी करून घेतली जाते. आलेल्या नौका थोड्या असतील तर सर्व, आणि जास्त असतील तर ठरावीक अंतराने निवडलेल्या नौका तपासून जाळ्याचा प्रकार, जातवार वजन आणि मासेमारीला लागलेला वेळ यांची नोंद होते. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि मासळी उतरवण्याची १५२ केंद्रे होती. भाऊचा धक्का, ससून डॉक किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा यांसारख्या ठिकाणी पहाटे जी गर्दी उसळते, तीत हे काम करणे कागदावर वाटते तेवढे सोपे नाही. शिवाय जी मासळी भरसमुद्रातच फेकून दिली जाते, ती धक्क्यावरच्या निरीक्षकाला दिसत नाही. आणि एका राज्यासमोरच्या समुद्रात पकडलेली मासळी दुसऱ्या राज्याच्या बंदरात उतरली, तर ती नोंदली जाते त्या बंदराच्या खात्यावर.

नोंदीतील मासेमारीचा वेळ हा तपशील वाचकाला किरकोळ वाटेल, पण खरी किल्ली तीच आहे. एकूण मासळी घटली, एवढ्यावरून साठा घटला असे म्हणता येत नाही. २०१९ च्या हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांनी ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात नौकांना बंदरात थांबवले, तेव्हा घटीचा काही भाग माशांच्या नव्हे, तर मासेमारीच्या दिवसांच्या खात्यावर टाकावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञ एकूण टनांना मासेमारीच्या तासांनी किंवा फेऱ्यांनी भागून दर श्रमामागील मासळी काढतात. तीही फसवू शकते: इंजिन मोठे झाले, मासळीचे थवे दाखवणारे यंत्र आले, की साठा आटत असतानाही तासाला मिळणारी मासळी टिकून राहते. या संकटावर उपाय म्हणून बाजाराशी संबंध नसलेली मोजणी लागते, आणि ती मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था आपल्या जहाजांवरून करते. तेथे जाळे टाकण्याची जागा नफ्याच्या नव्हे, तर सर्वेक्षणाच्या आराखड्याप्रमाणे ठरते.

वजनाइतकीच लांबी महत्त्वाची असते. माशाच्या कानातील चुन्याच्या लहानशा खड्यावर, म्हणजे कर्णाश्मावर, वाढीची वर्तुळे उमटतात आणि त्यांवरून वय ठरवता येते. बीजांडकोश तपासून तो मासा एकदा तरी प्रजननक्षम झाला होता का, हे समजते. अशा अभ्यासांतून कोणत्या जातीचा मासा किमान किती लांबीचा झाल्याशिवाय धरू नये, हे ठरते, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी किमान मर्यादा लागू केली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा घोषित झाला. सन्मान मोठाच, परंतु पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाच्या प्रतवारीनुसार खरेदी करतात, आणि त्यांच्या खरेदीच्या वह्या नीट एकत्र केल्या तर कोणत्या वर्षी मोठ्या पापलेटाचे प्रमाण किती होते याची दीर्घ मालिका हाती येऊ शकते, ही बाब या घोषणेपेक्षा अधिक मोलाची मानायला हवी. हिशेबासाठी ठेवलेली वही कोणाला खूश करण्यासाठी लिहिलेली नसते.

माहिती गोळा होऊनही ती वापरात येईलच असे नाही. पर्ससीन या मोठ्या वेढा जाळ्यांविषयी डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने अहवाल दिल्यानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती आणि ठरावीक क्षेत्रापुरती मर्यादित केली. त्यानंतरही विनापरवाना पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष थांबला नाही. परवान्यांची संख्या फाइलीत असते. प्रत्यक्ष पाण्यात किती जाळी आहेत हा वेगळा आकडा असतो, आणि साठ्याचे कोणतेही गणित या दुसऱ्या आकड्यावरच उभे राहते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर त्यांचे ठिकाण कळवणारे उपग्रहाधारित ट्रान्स्पॉन्डर बसवण्याच्या, देशभरातील एक लाख नौकांसाठी आखलेल्या योजनेचा प्रारंभ झाला. ज्या कार्यक्रमात तो झाला, त्यातच किनाऱ्यावरील मच्छीमारांचा तीव्र विरोध असलेल्या वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. आपली नौका कोठे आहे हे सरकारला सतत कळावे, अशी अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते, नौका चालवणाऱ्या त्या तांडेलाला ही माहिती आणखी कोणाच्या हाती जाईल हे विचारण्याचा हक्क आहे.

देवाणघेवाण जेथे दुहेरी असते, तेथे हा अविश्वास कमी दिसतो. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह-नोंदींवरून मासळी मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांच्या सूचना प्रादेशिक भाषांतही देते. डिझेल वाचते, म्हणून नौकामालक त्या वाचतात. मात्र थवा शोधण्यास मदत करणारी ही सेवा साठा वाचवण्याचे साधन आपोआप ठरत नाही. तिच्या आधारे गेलेल्या नौकांनी काय पकडले याची नोंद परत आली, तरच ती व्यवस्थापनाच्या उपयोगी पडेल.

पावसाळी बंदीच्या वादात ही सर्व गुंतागुंत एकवटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना लागू असते, आणि ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी मच्छीमार संघटनांकडूनच होत आली आहे, कारण ऑगस्टच्या आरंभी जाळ्यात येणारे पापलेट फारच लहान असते असे त्यांचे म्हणणे आहे. या म्हणण्याची तपासणी करायची, तर त्या आठवड्यांतील माशांबरोबरच त्याआधीच्या, बंदीच्या आठवड्यांतील मासेही मोजायला हवेत. पण बंदीच्या काळात यांत्रिक नौका धक्क्याला लागत नाहीत, त्यामुळे निरीक्षकापुढे बिगरयांत्रिक होड्यांची थोडीशी मासळी तेवढी येते. बंदी उठवण्याची योग्य तारीख शोधण्यासाठी बंदीच्या काळातच संशोधकांच्या देखरेखीखाली काही निवडक नौकांना नमुन्यापुरते जाळे टाकू देणे, आणि त्यातून मिळालेल्या लांबीच्या नोंदी हंगाम सुरू होण्यापूर्वी मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयांत मराठीत लावणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.